छपराबाहेरचा संसार

माझे सासरे छपराखाली जेवत नसत. ऊन असो, थंडी असो, पावसाची झड लागलेली असो, त्यांचं पान अंगणात, शेतात नाहीतर नदीच्या वाळूवर मांडावं लागे. आणि त्यांचं एकट्याचं नाही. घरातल्या झाडून साऱ्यांची पानं त्यांच्या पानाशेजारी लागली पाहिजेत. "एकटं खाते ते ढोर," ते म्हणत, "आन् भितीकडं तोंड करून खाते तो कैदी." झडीत ते डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन बसत. वरणात पावसाचे थेंब पडत, भाकरीचा लगदा होई, आणि ते समोरच्या लेकरांना विचारत, "काहून बे, असं वरन तुमच्या मामाच्या घरी भेटते का?"

अमरावतीच्या आमच्या घरी पाहुणे आले की माझे मोठे भासरे, म्हणजे सासऱ्यांचे थोरले चिरंजीव, ही गोष्ट अजून सांगतात. घोंगडी कशी धरली होती ते हातानं करून दाखवतात. पाहुणे हसतात. कोणीतरी म्हणतं, "काय मौजी माणूस होता! आन् घरच्यायवर जीव किती!" मी आत चुलीपाशी बसून ऐकते. गोष्ट खोटी नाही. जीव होता, हेही खोटं नाही. पण ती गोष्ट सांगायला तोंड लागतं, आणि ते तोंड भासऱ्यांना कुठून मिळालं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

मी त्यांना मामाजी म्हणायची. आमचं गाव मूर्तिजापूरहून पूर्णा नदीकडे जाताना लागतं. मी अकोल्याची, मोर्णेकाठच्या घरातली. माझ्या माहेरी दाराला कडी होती, पावसाळ्यात चुलीवर छप्पर होतं, आणि असं असणं ही काही भाग्याची गोष्ट आहे हे मला लग्नापर्यंत ठाऊक नव्हतं.

लग्न लागून मी सासरी निघाले. आमची दमणी, म्हणजे बैलगाडी, गावाच्या शिवेपाशी आली आणि गावाकडे वळायची ती वर माळाकडे वळली. वाजंत्रीवाले वेशीपाशी वाट पाहत उभे होते. त्यांना मागून धावत यावं लागलं. मी डोक्यावरच्या पदरातून पाहते तो सगळीकडे गवत. कमरेइतकं, पिवळं, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं. मधोमध एक हिवराचं झाड, आणि त्या झाडाखाली दोन धोंड्यांच्या मधे उंबरठा समजून तांदळाचं माप ठेवलेलं. माझा गृहप्रवेश असा झाला. मी पायानं माप लवंडलं, तांदूळ गवतात सांडले, आणि कुठून कोण जाणे, चिमण्या उतरल्या. मामाजी टाळ्या वाजवत ओरडले, "पाहा, पाहा! लक्षुमी आली तं पाखरंबी आले!"

सासूबाई ओवाळायला उभ्या होत्या. वाऱ्यानं निरांजन विझत होतं. त्या पदराचा आडोसा करून ते पुन्हा पेटवत होत्या, ते पुन्हा विझत होतं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, कंटाळाही नव्हता. मला वाटलं, काय शांत बाई आहे. त्यांना मी आत्याबाई म्हणू लागले. ती शांतता नव्हती, हे कळायला मला काही वर्षं लागली.

ते कुरण मामाजींच्या आजापासून नांगर न लागलेलं. खाली काळी कसदार जमीन, तिच्यावर मारवेल, पवन्या, कुसळी. गावाची गुरं तिथं चरायची, काळविटांचा कळप यायचा. मामाजींना तिथलं एकेक गवत वासानं कळे. डोळे मिटून ते मूठभर गवत नाकाशी धरत आणि नाव सांगत, आणि लेकरं उघडून पाहत. सकाळी उठले की ते आधी आभाळाकडे पाहत, मग घरातली माणसं मोजल्यासारखी सगळ्यांकडे पाहत, आणि म्हणत, "चाला." कुठं ते विचारायचं नाही. कधी पूर्णेवर गोवऱ्यांच्या आरावर रोडगे करायला, कधी ज्वारीचा हुरडा भाजायला, कधी चारोळ्या वेचायला. बैल जुंपलेले असत. घरात म्हातारं, आजारी, तान्हं, पोटुशी, कोणी असो, सगळ्यांनी निघायचं. नातवंडं लहान होती तेव्हा त्यांनी एक कावड केली होती. पुढच्या टोपल्यात एक नातू, मागच्यात दुसरा, आणि हे कावड खांद्यावर घेऊन गाणी म्हणत पुढे. गावची माणसं पाहायला उभी राहत. आपल्या लेकराला कडेवर घ्यायलाही लाजणारे ते पुरुष. त्यांना हे अद्भुतच वाटे.

मला कधी सुख वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. श्रावणात ते आम्हांला तणमोर दाखवायला नेत. ओल्या गवतात सगळ्यांनी पालथं पडायचं. सुनांनीसुद्धा. बोलायचं नाही, खोकायचं नाही. मग समोरच्या गवतातून एकाएकी तो पक्षी उसळी घेई. काळी मान मागे टाकलेली, पाय आखडलेले, पांढरे पंख फडफडवत माणसाच्या डोक्याइतका वर येई, बेडकासारखा टरटरे, आणि पुन्हा गवतात पडे. थोड्या वेळानं पुन्हा. मादीनं आपल्याकडे पाहावं म्हणून दिवसभर तो असा उड्या मारत राहतो, असं मामाजी सांगत. "पाह्यलं? पाह्यलं का?" ते कुजबुजत, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. आनंदानं रडणारा पुरुष मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. माझं लुगडं चिखलानं भरलं होतं, कुसळं मांडीत रुतली होती, तरी त्या वेळी मला वाटलं, मी या घरात आले हे बरं झालं.

पण मग उठून स्वयंपाक करावा लागे. ओल्या काटक्या, वारा, डोळ्यांत धूर. मामाजी हात मागे बांधून आभाळ पाहत फिरत आणि लांबून विचारत, "झालं का वो?" रान सुंदर असतं ते ज्याच्या हातात फुंकणी नसते त्याला. मोठ्या जाऊबाईंचे दिवस भरत आले होते तेव्हाही हुरड्याला यावंच लागलं. गाडीच्या हादऱ्यांनी वाटेतच कळा सुरू झाल्या. ज्वारीच्या कणसांआड बाळंतपण झालं. लेकरू जगलं, जाऊबाईही जगल्या, म्हणून ती गंमत झाली. मामाजी त्या नातवाला उचलून धरून म्हणाले, "ह्यानं पह्यलं काय पाह्यलं? आभाय! राजाच्या पोराले भेटत नाही असं." जाऊबाई कडब्यावर पडल्या होत्या. त्यांनी काय पाहिलं, हे कोणी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मोठे भासरे पाहुण्यांना कधी सांगत नाहीत. ती मला जाऊबाईंनी सांगितली, आणि त्यांनाही गावातल्या एका म्हाताऱ्या सुइणीनं सांगितलेली.

मामाजींना दोन मुलगे, पण त्यांच्या मागून एक मुलगी होती. सहा-सात वर्षांची, बापाची लाडकी. त्यांच्या खांद्यावरून खाली उतरत नसे. एका श्रावणात ती तापली. अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. तो नेमका तणमोर पाहायला जायचा दिवस होता. आत्याबाई म्हणाल्या, आज राहू द्या. मामाजी म्हणाले, कोंदट हवेनंच ताप आला आहे, मोकळ्या हवेनं उतरेल. आत्याबाईंनी त्यांचे पाय धरले. त्यांनी पोरीला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांना म्हणाले, "चाला." झड सुरू झाली. पोर ओल्या गवतात बापाच्या कुशीत पडून पक्षी पाहत होती. दुपार टळायच्या आत ती गेली. मामाजींनी गावाला सांगितलं, साथीचा ताप होता, देवाची मर्जी. सगळ्यांनी मानलं. पुढच्या श्रावणात बैल जुंपले गेले, मामाजी "चाला" म्हणाले, आणि आत्याबाई पिठाचं गाठोडं घेऊन गाडीत बसल्या.

हे ऐकल्यावर मी त्यांच्याकडे नीट पाहू लागले. रानात आम्ही सगळे जेवत असू तेव्हा त्या प्रत्येक लेकराच्या कपाळाला हात लावून जात. वाढता वाढता, कोणाच्या लक्षात येऊ नये असा. मामाजींच्या ते लक्षात येई. ते लगेच दुसरीकडे पाहत आणि मोठ्यानं काहीतरी बोलू लागत.

अशात कापसाचे दिवस आले. बिलायतेच्याही पलीकडे कुठल्यातरी मुलखात आपसांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला आणि सगळ्या जगाला आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. तोवर आमच्याकडे लोक कापूस लावत ते ज्वारीच्या जोडीनं, गरजेपुरता. आता अंगणापर्यंत कापूस आला. अकोल्याच्या बाजारात मुंबईचे दलाल उतरले. गाड्यांच्या रांगा गावावरून जात तेव्हा धुळीनं दिवसभर सूर्य तांबडा दिसे. मग रेल्वे आली, अकोल्याला, मूर्तिजापूरला, पुढे बडनेऱ्याला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. कोणी म्हणे, खानदेशात एकानं गाडीच्या चाकालाच चांदीची धाव चढवली. मोठे भासरे मोजे घालू लागले. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात मोजे!

रेल्वे पाहायला मामाजी आम्हां सगळ्यांना घेऊन गेलेच. रुळापासून लांब, शेतात बसून आम्ही भाकरी खाल्ली आणि गाडी गेलेली पाहिली. लेकरं किंचाळली. मामाजींनी तोंड वाकडं केलं. "इतकी मोठी गाडी केली आन् वरतून छप्परच ठेवलं," ते म्हणाले. "याले काय अर्थ हाय?"

गावाच्या शिवारात आता नांगर न लागलेला एकच तुकडा राहिला होता, तो आमचा. मोठे भासरे रोज विषय काढत. माझे यजमान त्यांच्या मागे उभे राहून मान हलवत. त्यांचा सगळा जन्म कोणाच्या ना कोणाच्या मागे उभं राहण्यात गेला.

"बाबा, साऱ्या मुलखात कापूस झाला. आपल्याच वावरात गवत हाय. लोकं हासून राहिले आपल्याले."

"हासू दे. गवतानं तुयं काय वाईट केलं?"

"बिलायतेले कापूस पाहिजे, बाबा."

"तं मंग बिलायतेत जाऊन पेर."

हसण्यावारी गेलं ते काही दिवसच. भासऱ्यांनी अमरावतीला राजापेठेच्या अंगाला, गावाभोवतीच्या परकोटाच्या आत, घर पाहून ठेवलं होतं. दगडी जोतं, वर माडी. त्यांनी आत्याबाईंना नेऊन ते दाखवलं. आत्याबाई परत आल्या तेव्हा मी विचारलं, "कसं हाय घर?" त्यांनी आधी पाय धुतले. मग म्हणाल्या, "चूल आतमंधी हाय. दार लावलं का वारा येत नाही." एवढंच. पण ते सांगताना त्यांचा आवाज असा झाला की मी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. मामाजींना त्या गावाच्या कोटाचा तिटकारा होता. "गावाले भित? ढोरायच्या कोंडवाड्याले असते, गावाले काहून?" असं ते म्हणत, आणि अमरावतीला कामासाठी गेले तरी वेशीबाहेर आंब्याखाली मुक्काम करत.

त्याच सुमाराला इंग्रजांची मोजणी आमच्या भागात आली. शेतांच्या हद्दींवर दगड रोवले जात होते, कोणतं शेत कोणाच्या नावानं चढवायचं ते ठरत होतं. भासऱ्यांना कोणीतरी युक्ती सुचवली. म्हातारा शुद्धीवर नाही असं पंचांनी सांगितलं तर शेत थोरल्या मुलाच्या नावावर चढेल. मुलांना वाईट म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. कुरण राखणारा माणूस वेडाच असला पाहिजे, असं एव्हाना गावालाही खरंच वाटू लागलं होतं.

पंच आमच्या ओट्यावर बसले. दिवस कोरडा होता, अंगणात कडबा वाळत पडला होता. गावचे पाटील होते, जे मामाजींच्या रोडग्यांच्या पंगतीला कित्येकदा जेवून गेलेले. आणखी दोन-चार जाणते होते. मोजणीचा कारकून छत्री मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याला पुढच्या गावी जायची घाई होती. मामाजी ओट्यावर चढले नाहीत. खाली अंगणात, उन्हात, एका बाजेवर बसले. आम्ही बायका दाराआड.

मोठे भासरे बोलू लागले. आणि काय बोलले? त्याच गोष्टी. बाबा छपराखाली जेवत नाहीत. पावसात घोंगडी घेऊन बसतात. धाकट्या सुनेचा गृहप्रवेश त्यांनी रानात केला. नातू रानात जन्माला आला. नातवंडांना कावडीत घालून मिरवतात. पाखरू पाहून रडतात, सुनांना चिखलात पालथं पाडतात. याच गोष्टी आम्ही सगळ्यांनी हसत सांगितल्या होत्या, भासऱ्यांनीही. पहिल्या गोष्टीला पाटील हसले. दुसरीलाही हसले. मग हळूहळू हसणं थांबलं, आणि ते मामाजींकडे निराळ्याच नजरेनं पाहू लागले. एकही शब्द खोटा नव्हता. खोटं असतं तर मामाजींना भांडता आलं असतं.

ते बाजेवर बसून मुलाच्या तोंडाकडे पाहत होते. थोडं हसू होतं त्यांच्या तोंडावर. आपलं कौतुकच चाललं आहे असं त्यांना पहिल्यानं वाटलं असावं.

पाटलांना अवघड वाटलं असेल. ते दाराकडे वळून म्हणाले, "वैनी, तुमी सांगा. इतका संसार केला तुमी यायच्या संगं. तुमाले काय वाटते?"

आत्याबाई उंबऱ्यावर गेल्या. पदर पुढे ओढलेला, हाताला पीठ तसंच. मला वाटलं, आता या मान हलवतील आणि अमरावतीच्या घराची किल्ली कमरेला येईल. सगळ्यांनाच तसं वाटलं. भासरे आधीच कारकुनाकडे पाहू लागले होते.

"याडे नाहीत ते," आत्याबाई म्हणाल्या.

भासऱ्यांचं तोंड उतरलं. मामाजींनी मान वर केली. त्यांचे डोळे असे उजळले की मला अजून ते आठवतात.

"याडं लागलेल्या मानसाले दुसऱ्याचं दुखलं समजत नाही," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "यायले सारं समजे. मी काड्या फुकून फुकून आंधळी होऊन राहिली, हे समजे. मोठी सून गाडीत दात आवळून बसली होती, तेबी समजे. पोरगी तापानं फणफणत होती, मी पाय धरले, म्हटलं आज नोका नेऊ. हे माह्याकडं पाहून चाला म्हणले. समजून म्हणले. म्हनून सांगतो पाटील, यायले याडं म्हनून सोडू नोका. जे केलं ते शहाण्या मानसानं केलं."

पाटलांना काय ऐकलं ते नीट उमगलं नसावं, ते कारकुनाला म्हणाले, "बाई तं नाही म्हणून राहिल्या. मंग कसं?" कारकुनानं छत्री टेकून उठायची तयारी केली. कुरण वाचलं होतं. नवऱ्याच्या विरुद्ध जन्मभरात एकदा तोंड उघडलं, आणि त्याच बोलण्यानं त्यांनी त्याचं कुरण वाचवलं होतं.

तेव्हा मामाजी उठले. तोंड पांढरं झालं होतं. आत्याबाईंकडे त्यांनी पाहिलं नाही.

"लिहा," ते म्हणाले. "याडा हाय मी."

"अबे, पन वैनी..." पाटील म्हणू लागले.

"तिले काय समजते? मी सांगून राहिलो ना. माह्या डोक्यात पह्यलेपासूनच काही नाही. याडाच होतो." ते ओट्याकडे एक पाऊल सरकले. "त्या दिवशीबी याडाच होतो. लिहून टाका."

कारकुनानं लिहिलं. मामाजींनी ओट्याच्या कडेवर वाकून अंगठा उठवला. भासऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला तो मला दाराआड ऐकू आला. आत्याबाई उंबऱ्यावरून मागे फिरल्या आणि चुलीपाशी येऊन बसल्या. भाकरी थापायला घेतली, पण पीठ हातातच राहिलं. "ते सुटले," त्या म्हणाल्या. मला नाही, कोणालाच नाही.

कुरण सहा बैलांच्या नांगरानं फोडलं. मुळ्या इतक्या खोल होत्या की नांगराचे फाळ वाकले. त्या साली कापूस माणसाच्या छातीइतका आला. श्रावणात मी तिकडे निंदायला बायका लावायला गेले होते तेव्हा तणमोर आलेला पाहिला. कापसाच्या ओळींतून तो उड्या मारत होता, टरटरत होता. निंदणाऱ्या बायकांपैकी एकीनं त्याला ढेकूळ मारलं. पुढच्या वर्षी तो आला नाही. ती परदेशची लढाई केव्हाच संपली होती, त्याच्या पुढच्या वर्षी भाव कोसळले, दलाल आले तसे निघून गेले. पण नांगरलेलं कुरण परत कुरण होत नाही. तिथं मग ज्वारी, मग कधी तीळ, मग नुसती तणकटं.

आम्ही अमरावतीला राहायला गेलो. मामाजी आले. वेशीतून आत शिरताना ते हट्ट करतील म्हणून भासऱ्यांनी दोन गडी सोबत घेतले होते. त्यांची गरज पडली नाही. घरात आल्यावर मामाजींनी अगदी आतली, बिनखिडकीची खोली घेतली, जिथं बाळंतिणी ठेवायच्या. तिथंच बसत, तिथंच जेवत. भिंतीकडे तोंड करून. पुढे ठेवलं ते खात, मीठ कमी असलं तरी बोलत नसत. नातवंडं आधी त्यांना ओढायची, "आबा, चाला ना," म्हणायची. ते नुसते हसत. हळूहळू लेकरांनी सोडून दिलं. शेजारच्या बायका म्हणत, किती गरीब आहे हो तुमचा म्हातारा, काही त्रास नाही. सगळं घर खुश होतं.

आत्याबाई खुश नव्हत्या. त्यांना हवं होतं ते छप्पर मिळालं होतं, चुलीला वारा लागत नव्हता, आणि त्या दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. एके दिवशी ताट घेऊन त्या त्यांच्या खोलीच्या दाराशी थांबल्या. मी मागे पाणी घेऊन होते.

"ओट्यावर वाढू का? बाहेर ऊन पडलं हाय चांगलं."

"नको," मामाजी म्हणाले. "तू म्हणशीन तिथं बसतो मी."

"मी ओट्यावर म्हणून राहिली."

"माह्यासाठी नोको म्हणू."

आत्याबाईंनी ताट खाली ठेवलं, इतक्या जोरानं की वरण सांडलं. त्या बाहेर येऊन मला म्हणाल्या, "पाह्यलं? अजून तेच. तवा आपल्या मनानं बाहेर नेलं, आता आपल्या मनानं आत बसले." मला त्यांचं म्हणणं पटलं. ते आज्ञाधारकपण मला कधीही चांगलं वाटलं नाही. तो पश्चात्ताप असेलही, पण तोही त्यांनी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणि स्वतःच्या मर्जीनं केला, जसं सगळं करत आले होते तसा. आत्याबाईंना त्यात जागाच ठेवली नाही. त्यांनी माफ करावं की करू नये, हे त्यांना ठरवताच येऊ नये अशी सोय त्या माणसानं करून ठेवली होती.

ते गेले ते शिमग्याच्या आसपास, दुपारी. चार-पाच दिवस अन्न नव्हतं. श्वास घरघरू लागला तेव्हा मोठ्या भासऱ्यांना एकाएकी उमाळा आला. "बाबाचा जीव आतमंधी घुसमटून राहिला," ते रडत म्हणाले. "बाज अंगणात काढा. आभाय पाहू द्या त्यायले." माझ्या यजमानांनी बाजेचे पाय धरले सुद्धा. अंगणात लख्ख ऊन होतं, परकोटाच्या भिंतीवर पोपट ओरडत होते, आवाज आतपर्यंत येत होता.

मामाजींनी डोळे उघडले. बाज उचलू पाहणाऱ्या मुलांकडे त्यांनी पाहिलं नाही. उशाशी आत्याबाई होत्या, त्यांच्याकडे पाहिलं.

"काय करू?" त्यांनी विचारलं. "जाऊ का?"

आवाज अगदी बारीक होता, लेकरानं परवानगी मागावी तसा. त्यात नाटक नव्हतं. त्या एका वेळी तरी नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

आत्याबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला. तो बराच वेळ तसाच ठेवला. मुलं बाज धरून वाकून उभी होती.

"अंग तापलं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "बाहेर नोका नेऊ."

मुलांनी बाज खाली ठेवली. थोड्या वेळानं सगळं संपलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं आत्याबाई माझ्याजवळ होत्या. मी त्यांचे केस विंचरले, पाय चेपले, शेवटी त्यांना घास भरवला. बाहेर नोका नेऊ, असं त्या मायेनं म्हणाल्या की पोरीचा हिशेब पुरा केला, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनाही ते सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.